फूटपाथवर वही उघडली की : अर्बन स्केचिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

मुंबईत रविवारी सकाळी काळा घोडा, हॉर्निमन सर्कल, ओव्हल मैदान अशा ठिकाणी दहा-पंधरा माणसं मांडीवर वही घेऊन समोरची इमारत काढत बसलेली दिसतात. जागेवर बसून असं शहर रेखाटायचं, यालाच अर्बन स्केचिंग म्हणतात. कुणी नोकरदार, कुणी कॉलेजातलं, कुणी निवृत्त. शिकवणारा असतोच असं नाही. अशा बैठकांना जावं का, काय घेऊन जावं आणि गेल्यावर चित्र का फसतं, याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

शाळेत चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसलो होतो. त्यानंतर तीस वर्षं पेन्सिलीला हात लावलेला नाही. अशा गटात गेलो तर हसं होईल का? आणि तिथे नेमकं शिकवतात काय?
– एक वाचक, डोंबिवली

हसं व्हायला तुमच्याकडे कुणीतरी बघायला हवं. तेवढा वेळ तिथे कुणालाच नसतो, जो तो आपल्या वहीत बुडालेला असतो. इंटरमीजिएटचं स्थिरचित्र आणि घनभूमिती तुमच्या हातात अजून असेल. फक्त इथल्या वस्तू स्थिर नसतात आणि समोरची टॅक्सी अर्ध्यावर असतानाच निघून जाते.

बैठक साधारण अडीच तासांची असते. साडेसातला जमायचं, कारण नऊनंतर ऊन चढतं आणि फूटपाथही भरतो. आधी पाच-पाच मिनिटांची दोन-तीन छोटी चित्रं, मग चाळीस मिनिटं ते तासाभराचं एक मोठं चित्र, आणि शेवटी सगळ्यांच्या वह्या कट्ट्यावर ओळीनं मांडून बघायच्या. पैसे भरून होणारी कार्यशाळा असेल तर मध्ये वीसेक मिनिटांचं प्रात्यक्षिक असतं.

आमच्या मते प्रात्यक्षिकापेक्षा ती शेवटची पंधरा मिनिटं मोलाची. एकाच इमारतीची बारा चित्रं शेजारी-शेजारी दिसतात. कुणी घुमट कापून टाकलेला असतो, कुणी फक्त खालचा पानवाला काढलेला असतो, कुणाच्या पानाचा अर्धा भाग कोरा असूनही चित्र पुरं वाटतं. काय गाळायचं हे शिक्षक सांगून जेवढं कळत नाही तेवढं त्या ओळीतून कळतं. नवीन माणसं नेमकी त्याच वेळी ‘गाडी पकडायची आहे’ म्हणून सटकतात. सटकू नका.

फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका शिक्षकामागे किती जण? बारापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाकडे दोनदा फिरकणं त्याला जमत नाही. सामान फीत धरलं आहे का? आणि त्या दिवशी फक्त रेषा आहेत की रंगही? पहिल्याच सकाळी दोन्ही उरकायचं ठरवलं तर दोन्ही अर्धवट राहतं.

जेल पेननं इमारत काढली, वर जलरंग लावला आणि सगळं निळं-काळं झालं. कागदही फुगला. दुकानात गेलं की इतके प्रकार दाखवतात की गोंधळ होतो. नेमकं काय घ्यावं?
– ठाणे

शाई पाण्यात विरघळणारी होती, म्हणून रेषा वाहिली. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया आणि पुष्कळ जेल पेनं अशीच वागतात. दुकानात ‘पिगमेंट इंक, वॉटरप्रूफ’ असं लिहिलेलं फाइनलायनर (बारीक टोकाचं ड्रॉइंग पेन) मागा; ०.३ आणि ०.५ अशी दोन पुरतात. लेबलवर भरवसा ठेवू नका. घरी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर पाच-सहा रेषा ओढा, दोन मिनिटं थांबा आणि ओला ब्रश आडवा फिरवा. रेषेभोवती राखाडी धूर उठला तर ते पेन फक्त कोरड्या चित्रांसाठी. गुळगुळीत कागदावर शाई शोषली जायला वेळ लागतो, म्हणून एकच पेन एका वहीत टिकतं आणि दुसरीत पसरतं. साधं बॉलपेन मात्र पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, त्याला कमी लेखू नका. आणि फाउंटन पेनात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक भरू नका. आत सुकली की पेन कायमचं बसतं.

कागद फुगतो कारण ओला झालेला भागच पसरतो, भोवतालचा कोरडा भाग जागचा हलत नाही. झेरॉक्सचा कागद ७५-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) असतो, त्यावर रंगाचा विचारच नको. हलक्या रंगासाठी निदान २०० जीएसएम, पाणी सढळ वापरायचं असेल तर ३००. आकार ए-फाइव्ह, म्हणजे साधारण १५ बाय २१ सेंटिमीटर. त्याहून मोठं पान तासाभरात भरत नाही आणि गर्दीत उघडतही नाही.

रंगांसाठी विद्यार्थ्यांची बारा वड्यांची पेटी चालते. पोस्टर कलर नको, तो अपारदर्शक असतो आणि खालची रेषा गिळतो. गोल ब्रश ६ आणि १० नंबरचे. एक टूबी पेन्सिल, पानं धरायला दोन क्लिपा, सुती फडकं, पाण्याच्या दोन छोट्या डब्या (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ), घडीचं स्टूल. हात आखडता घ्यायचा असेल तर रंगांवर घ्या, कागदावर नको.

सीएसएमटी काढायला बसले की घुमट पानाबाहेर जातो. जो भाग मावतो तो वर रुंद होत गेलेला दिसतो. पर्स्पेक्टिव्हचं पुस्तक वाचलं, तरी तेच. काय चुकतं?
– मुलुंड

दोन वेगळ्या चुका आहेत. पुस्तकाचा संबंध दोन्हींशी नाही.

घुमट बाहेर जातो कारण तुम्ही एखाद्या खिडकीपासून सुरुवात करता. खिडकी छान जमते म्हणून जरा मोठी होते, मग शेजारची तिच्या मापानं, आणि वर पोचेपर्यंत पान संपतं. चार टोकं आधी ठरवा: सर्वांत वरचा बिंदू, जमीन, डावी कड, उजवी कड. पेन्सिलीनं चार बारीक खुणा करा, कडेला दोन सेंटिमीटर मोकळे सोडा. मग उंची आणि रुंदीचं नातं तपासा. हात पूर्ण ताठ करून पेन्सिल धरा, एक डोळा मिटा, इमारतीची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्यानं मोजा आणि तेच माप उभं करून उंचीत किती वेळा बसतं ते बघा. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि दर वेळी माप वेगळं निघतं. ‘मोजूनही चुकतं’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचं कोपर वाकलेलं असतं.

वर रुंद होण्याचं कारण तुमच्या मांडीवर आहे. वही आडवी ठेवली की पानाची वरची कड डोळ्यांपासून लांब जाते आणि पान तिरपं, आखूड दिसतं. ते भरून काढायला हात नकळत वरचा भाग ताणतो आणि रुंद करतो. वही उभी केली की ताण लक्षात येतो. वहीखाली पुठ्ठा घ्या, पाठीमागचं टोक गुडघ्यावर टेकवा आणि पान नजरेला काटकोनात येईल इतकं उभं धरा. निम्म्या ‘पर्स्पेक्टिव्हच्या’ चुका एवढ्यानंच जातात.

उरलेल्यांसाठी एक रेषा पुरते: तुमच्या डोळ्यांची उंची. पानावर ती सगळ्यांत आधी, आडवी, हलकी मारा. लांब जाणारी जी कड या रेषेच्या वर आहे, म्हणजे छप्पर, सज्जे, कमानींचे माथे, ती लांब जाताना खाली उतरते. जी रेषेच्या खाली आहे, म्हणजे फूटपाथची कड, पायऱ्या, ती वर चढते. किती उतरते-चढते हे पेन्सिल समोर धरून घड्याळाच्या काट्यासारखं वाचा. ‘दोन वाजून गेले’, ‘तीनच्या जरा वर’ असं. लोपबिंदू, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर कडा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, शोधत बसू नका, तो बहुतेक वेळा पानाबाहेर असतो. दोन्ही लोपबिंदू जबरदस्तीनं पानात बसवले की कोपऱ्यावरची इमारत जहाजाच्या नाकासारखी पुढे येते.

आणि पहिल्याच महिन्यात सीएसएमटी कशाला? एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर ती इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधली जात होती. तुम्हाला तासाभरात सगळे मनोरे, जाळ्या आणि कोरीव प्राणी हवे असतात. त्याऐवजी दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींपैकी तीन कमानी घ्या, किंवा ओव्हलच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारतींपैकी एक. गोल कोपरे, आडव्या पट्ट्या, सपाट भिंती. हात लवकर बसतो.

इमारत बरी येते, पण माणसं घातली की चित्र बिघडतं. कुणी राक्षस दिसतं, कुणी तरंगतं. माणसं न घालता चालेल का?
– बोरिवली

मुंबईचा रस्ता माणसांशिवाय काढला तर तो कर्फ्यूचा दिसतो. माणसं हवीतच, आणि ती वाटतात त्याहून सोपी आहेत.

सपाट रस्त्यावर तुम्ही उभे असाल तर तुमच्या उंचीच्या सगळ्यांची डोकी डोळ्यांच्या रेषेवर येतात, जवळचा असो की शंभर फुटांवरचा. फरक पायांत: जवळच्याचे पाय पानात खाली उतरतात, लांबच्याचे रेषेच्या जवळ राहतात. आता घोटाळा असा, की हे वाचलेला माणूस घडीच्या स्टुलावर बसून चित्र काढतो आणि तरीही डोकी रेषेवरच ठेवतो. बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास येतात. त्या रेषेवर उभ्या माणसांची कंबर येते, डोकी नाहीत. जवळच्याचं डोकं बरंच वर, लांबच्याचं थोडं वर, पण पट्टा सगळ्यांचा एकाच रेषेत. तुमचे ‘राक्षस’ आणि ‘तरंगणारे’ इथून येतात.

एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर वरच्या अंगाला बसलात तर आणखी वेगळं: रस्त्यावरच्या सगळ्यांची डोकी रेषेच्या खाली जातात. जागा बदलली की रेषा पुन्हा ठरवायची.

काढण्याचा क्रम असा. आधी डोक्याचा लहानसा अंडाकार, मानेसाठी जरा फट, मग खांद्यापासून खाली निमुळतं होत जाणारं एकसंध अंग. डोकं पूर्ण उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. नवशिके ते हमखास मोठं काढतात. चालणारा माणूस हवा असेल तर एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड ठेवा, उचललेला पाय तसाच दिसतो. डोळे-नाक काढू नका. मुंबई कळते ती सामानावरून: पाठीऐवजी पोटावर घेतलेली सॅक, डब्यांची पिशवी, छत्री. शेवटी पायांशी सावलीचा एक आडवा फटकारा मारला की माणूस जमिनीला टेकतो.

समोरचा माणूस निघून गेला तर? त्याच जागी दुसरा येतो. पहिल्याचं डोकं, दुसऱ्याचा शर्ट, तिसऱ्याची पिशवी असा माणूस बेधडक जुळवा.

रंग मळकट होतात. सकाळी राजाबाई टॉवर रंगवला तर नुसता राखाडी ठोकळा झाला.
– दादर

सकाळी तो तसाच असतो. राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट ओव्हलच्या पूर्वेला आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे, म्हणजे मैदानाकडची बाजू सावलीत. सकाळी मैदानावर असाल तर तोंड पश्चिमेकडे करा. आर्ट डेको इमारतींवर तेव्हा सरळ ऊन असतं. राजाबाईसाठी दुपारी चारनंतर या. टॉवर २८० फूट उंच आहे, त्यामुळे पश्चिमेच्या फूटपाथपर्यंत मागे गेल्याशिवाय मान वर न करता तो पूर्ण दिसत नाही. मैदानात मध्येच बसलात तर चेंडूपासून सांभाळा. रविवारी तिथे एकाच वेळी बरेच सामने चाललेले असतात आणि एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीवर उभा असतो.

मळकटपणाचं कारण दुसरं आहे. एका जागी तीन-चार रंग मिसळले, किंवा पहिला हात ओला असतानाच दुसरा दिला, की चिखल होतो. दोनच हात द्या. पहिला फिका: डेव्हिड ससून लायब्ररीचा पिवळसर मालाड दगड घ्या, तर यलो ओकर (मातकट पिवळा), त्यात बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) किंचित अंश आणि भरपूर पाणी. संपूर्ण भिंतीवर एकसलग, खिडक्यांवरूनही. आभाळ कोरं राहिलं तरी बिघडत नाही. मग थांबा. पानावरची चमक गेली म्हणजे सुकलं असं नव्हे. बोटाची मागची बाजू टेकवा, गार लागलं तर आत ओल आहे. या अर्धवट अवस्थेत भरलेला ब्रश टेकवला की पाणी आतला रंग ढकलतं आणि कडेला फुलकोबीसारखे डाग उठतात.

दुसरा हात फक्त सावलीचा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, निळा जास्त. तो एका दमात, कमानींच्या आत, सज्जांखाली, इमारतीच्या एका अख्ख्या बाजूवर. पेटीतला काळा वापरू नका, त्यानं सावली मेलेली दिसते. टॅक्सीचा काळा अपवाद, आणि तिथेही टपाची पिवळी पट्टी आधी.

मी एकटी बसले की घोळका जमतो. एकदा सुरक्षारक्षकानं उठवलं. परवानगी लागते का?
– चेंबूर

सार्वजनिक फूटपाथवर बसून वहीत चित्र काढायला सहसा कुणी कागद मागत नाही. पण काळा घोड्यापासून नौदलाच्या गोदीचं लायन गेट हाकेच्या अंतरावर आहे. अशा ठिकाणी, रेल्वेच्या हद्दीत, बंदरात, कोर्टाच्या आवारात पहारेकऱ्यानं हटकलं तर वाद घालू नका. वही दाखवा, उठा, रस्त्याच्या पलीकडे बसा. खोताची वाडीसारख्या वस्तीत तर आधी विचारायचंच. तिथला व्हरांडा कुणाच्या तरी घराचा आहे, आणि रविवारी सकाळी दारात पंधरा अनोळखी माणसं कुणालाच नको असतात.

घोळका मागे जमतो, म्हणून मागे जागाच ठेवू नका. पाठ भिंतीला किंवा खांबाला लावा. सामान पायांच्या मध्ये, पिशवीचा बंद पायात अडकवून. गटात असाल तर दोघी-दोघी शेजारी बसा. ‘कितीला देणार?’ असं कुणी विचारलंच तर ‘शिकतेय’ एवढं म्हटलं की निम्मे पांगतात. उरलेले सल्ले देतात, आणि पानवाल्याचे सल्ले कधी कधी बरोबर असतात, कारण ती इमारत तो रोज बघतो.

लोकलमध्ये काढता येतं का?
– कल्याण

बसायला जागा मिळाली तर. खिशात मावणारी वही, बॉलपेन, रंग नाही. गाडी हलते तेव्हा रेषा थांबवा, स्टेशनात थांबली की पुढे. कड्यांना धरलेले हात हा उत्तम विषय: पुष्कळ आणि निनावी. झोपलेल्या माणसाचा ओळखू येईल असा चेहरा काढून इंटरनेटवर टाकू नका.

पावसाळ्यात चार महिने वही बंद ठेवायची का?
– वसई

फोर्टात पावसातही बसता येतं. दादाभाई नौरोजी रोडचे आणि हॉर्निमन सर्कलचे कमानींखालचे फूटपाथ त्यासाठीच बांधल्यासारखे आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाट ठेवून खांबाला टेकून बसा. रंगाचा एक हात मे महिन्यात दोन-चार मिनिटांत सुकतो, तो जुलैत वीस मिनिटं ओला राहतो, म्हणून पावसाळ्यात रेषा, पेन्सिल आणि मेणखडू. ओल्या रस्त्यासाठी युक्ती: खांब, माणसं, गाड्या यांची उभी प्रतिबिंबं मेणखडूनं सरळ खाली ओढा.

ओली रंगपेटी बंद करून ठेवली की चार दिवसांत वड्यांवर बुरशी येते. रात्री पंख्याखाली उघडी ठेवा. वहीत रंगवलेल्या पानांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर पानं चिकटतात.

मोबाइलवर फोटो काढून घरी निवांत रेखाटलं तर ते अर्बन स्केचिंग होत नाही का? गटातले नाकं मुरडतात.
– नेरुळ

ही चळवळ ज्यांच्यापासून सुरू झाली त्या गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी २००७ मध्ये सिॲटलमधून इंटरनेटवर गट सुरू केला, आणि ‘अर्बन स्केचर्स’च्या जाहीरनाम्यातलं पहिलंच कलम आहे की जागेवर बसून, समोर बघून काढायचं. तेव्हा त्यांच्या व्याख्येत नाही होत. नाकं मुरडायचं कारण नाही, पण नियमामागे तथ्य आहे. फोनची लेन्स रुंद कोनाची असते. जवळचा खांब फुगतो, मागची इमारत खेळण्याएवढी होते, सावल्या काळ्या ठिक्कर पडतात. फोटोवरून काढणारा हे सगळं निष्ठेनं उतरवतो. रेषा जागेवर आणि सावलीचा हात घरी, ही तडजोड बहुतेक जण करतात आणि कबूल करत नाहीत. फोनचा एक उपयोग मात्र जागेवर करा: कॅमेरा उघडून चौकट शोधा, ठरली की फोन खिशात.

पुण्यात आम्ही पाच मैत्रिणी आहोत. स्वतःचा गट सुरू करायचा आहे. कुठून सुरुवात करावी?
– सदाशिव पेठ

पाच पुरेत. महिन्यातला एक वार ठरवा, दुसरा रविवार म्हणा, आणि दोघीच आल्या तरी रद्द करू नका. दर वेळी तारीख विचारत बसलेले गट तिसऱ्या महिन्यात बंद पडतात.

जागा निवडताना सौंदर्याच्या आधी चार गोष्टी बघा: दोन तास टिकणारी सावली, टेकायला भिंत किंवा कट्टा, जवळ स्वच्छतागृह, आणि चहा. महात्मा फुले मंडई या चारही बाबतींत बरी. १८८६ ची दगडी वास्तू, मधला अष्टकोनी भाग, छपराखाली सावली आणि माणसं हवी तेवढी. पण सकाळी गाळेवाल्यांची घाई असते. ज्याच्या समोर बसणार त्याला आधी सांगा, वाटेत स्टूल मांडू नका आणि निघताना भाजी तिथूनच घ्या. पहिल्या बैठकीला संपूर्ण मंडई नको. एक गाळा, एक तराजू, टोपल्यांची एक रास.

वेळ घड्याळ लावून पाळा. पाच मिनिटांची दोन, चाळीस मिनिटांचं एक, मग वह्या मांडायच्या. बघताना ‘छान’ म्हणायला बंदी घाला. त्याऐवजी प्रत्येकीनं दुसरीच्या चित्रातली एक जागा बोटानं दाखवायची आणि ती कशी केली ते विचारायचं. वह्यांचे फोटो सावलीत, फोन पानाला समांतर धरून आणि फ्लॅश बंद ठेवून काढा, नाहीतर शाई चमकते आणि फिका रंग उडतो.